काळजी तुमच्यापेक्षा तुमच्या मिस्टरांची वाटते

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही माहीमला राहतो. मिस्टर नोव्हेंबरात रिटायर होताहेत, म्हणून डिसेंबरात सगळ्यांनी मिळून मुंबईहून क्रूझने लक्षद्वीपला जायचं ठरलंय. आम्ही दोघं, मुलगी-जावई आणि नऊ वर्षांचा नातू. जहाज एक दिवस अगत्तीला थांबणार आहे आणि तिथलं स्नॉर्केलिंग (डोळ्यांवर मास्क, तोंडात श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खालचे मासे बघणं) जावयांनी आत्ताच बुक करून टाकलंय. मला पोहता येत नाही, पाण्याची भीतीच आहे म्हणा ना. नातू दादरच्या तलावावर दोन उन्हाळे शिकलाय, पण समुद्रात कधी उतरलेला नाही. यांची काही काळजी नाही. गावच्या विहिरीत उड्या मारत शिकलेले, पट्टीचे पोहणारे. वय साठ, बीपीची गोळी चालू आहे, पाच वर्षांपूर्वी एक स्टेंट टाकलाय, पण तब्येत ठणठणीत. जावयांनी पूर्ण चेहरा झाकणारे पाच मास्कही ऑनलाइन मागवलेत. मी किनाऱ्यावर बसते म्हटलं तर सगळे हसतात. “लाइफजॅकेट असतं आई, बुडायचा प्रश्नच नाही,” म्हणतात. मी काय करू? आणि नातवाला पाण्यात सोडू का?

— एक आजी, माहीम

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातलं मला खटकलेलं वाक्य एकच, ‘यांची काही काळजी नाही’. तुमच्या घरातल्या पाच जणांपैकी स्नॉर्केलिंगमध्ये सगळ्यात जास्त धोका कोणाला, असं मला विचाराल तर मी तुमच्या मिस्टरांचंच नाव घेईन. नातवाचा नंबर दुसरा, आणि तोही लक्षद्वीपच्या समुद्रात नव्हे, जहाजावरच्या पूलमध्ये. तुम्ही सगळ्यात शेवटी. ज्याला पाण्याची भीती असते तो जॅकेट घट्ट बांधतो, गाइडचा हात सोडत नाही आणि कंबरभर पाण्यापुढे जात नाही. अशा माणसाला फारसं काही होत नाही.

आता मिस्टरांचं. स्नॉर्केलिंग करताना माणूस जातो तो पाणी नाकातोंडात जाऊन, गटांगळ्या खाऊन, असंच आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या हवाई बेटांवर असे मृत्यू वारंवार व्हायला लागले तेव्हा तिथल्या आरोग्य खात्याच्या मदतीने त्याचा अभ्यास झाला. त्याचा अहवाल २०२१ साली आला. त्यात दिसलं ते वेगळंच. दगावणाऱ्यांत पन्नाशी ओलांडलेले, बाहेरगावहून आलेले पुरुष पुष्कळ. बऱ्याच जणांची धडपड कोणाला दिसलीच नाही. काही जण तर पाय टेकतील अशा पाण्यात होते. यातल्या पुष्कळांच्या फुप्फुसात बाहेरचं पाणी शिरलेलं नसावं, शरीरातलंच पाणी फुप्फुसात उतरलं असावं, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

हे कसं होतं ते समजून घ्या, कारण तुमचे मिस्टर ‘मला काय होतंय’ म्हणतील तेव्हा तुम्हाला ते सांगावं लागेल. माणूस पाण्यात आडवा झाला की पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे सरकतं. हृदयावरचं काम वाढतं. त्यात बीपी असेल, हृदय जरा कडक झालेलं असेल, तर फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर ताण येतो. वर तोंडात नळी. घट्ट फालुदा बारीक स्ट्रॉने ओढताना गाल कसे आत जातात, तसा प्रत्येक श्वास जोर लावून ओढावा लागला की छातीच्या आत ओढ निर्माण होते आणि रक्तातलं पाणी फुप्फुसात पाझरतं. त्यातच प्रवाहाविरुद्ध जोरजोरात हातपाय मारले तर झालंच. ऑक्सिजन भराभर उतरतो आणि अंगातली ताकद जाते. हात वर करून ओरडायला लागणारी ताकदही. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला वाटतं, काका आरामात मासे बघताहेत.

पट्टीच्या पोहणाऱ्याला यातून सूट नाही. उलट तोच पुढे जातो, तोच जॅकेट नाकारतो, आणि दम लागला तरी ‘थोडं राहिलंय’ म्हणत हात मारत राहतो. विहिरीत शिकलेल्यांचा दम मोठा असतो हे मलाही माहीत आहे, मी तलावावर असे पुष्कळ पाहिलेत. पण विहिरीत नळी नव्हती, आणि तेव्हा वय बारा होतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट. तिथे ‘आम्ही क्रूझला जातोय, चालेल ना?’ असं विचारू नका. डॉक्टर म्हणतील, मजा करा. ‘समुद्रात नळी लावून स्नॉर्केलिंग करायचंय, स्टेंट आहे, ही गोळी चालू आहे’ असं स्पष्ट सांगा. गरज वाटली तर ते स्ट्रेस टेस्ट किंवा टूडी इको करायला लावतील. तोवर घरच्या घरी एक गोष्ट बघा. लिफ्ट बंद असताना तीन मजले न थांबता चढून आल्यावर त्यांना धड वाक्य बोलता येतं का? धाप लागत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. तीन मजले सहज चढले म्हणून डॉक्टरांना टाळायचं, असं मात्र नाही.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफवर थोड्या दिवसांत लागोपाठ काही वयस्कर पर्यटक स्नॉर्केलिंग करताना गेले. त्यानंतर क्वीन्सलँड सरकारने २०१८ च्या नियमावलीत वय आणि दुखणी बघून ‘जोखमीचे’ पर्यटक वेगळे काढायला लावले. त्यांना ओळखू येईल अशी रंगीत खूण, तरंगायला साधन, सोबत जोडीदार, आणि बोटीवर हृदयाला शॉक देणारं एईडी यंत्र. तुमच्या बुकिंगमध्ये हे कोणी विचारलंय का ते जावयांना बघायला सांगा. मेडिकल फॉर्म आला तर त्यात बीपी आणि स्टेंट लपवू नका. ‘उगाच नाही म्हणतील’ म्हणून सगळ्या रकान्यांत ‘नाही’ लिहिणारे लोक मला माहीत आहेत. विमा कंपनीनेही पुढे तोच कागद काढला तर बोलायला तोंड राहत नाही.

डॉक्टरांनी होकार दिला तर मिस्टरांसाठी अटी अशा. सकाळची गोळी नेहमीच्या वेळी घ्यायची, ‘आज पाण्यात जायचंय’ म्हणून चुकवायची नाही. आदल्या रात्री जहाजावर जागरण आणि पिणं नको. तशी लक्षद्वीपच्या बहुतेक बेटांवर दारूबंदी आहे, पण जहाजावर ती नसते आणि रात्रीची उतरलेली नसताना सकाळी सातच्या बोटीत बसणारे कमी नसतात. पाण्यात जॅकेट घालायचं. पोहायचं नाही, तरंगायचं. आणि न दमता दम लागला, खोकला यायला लागला, छाती जड वाटली, हातापायांतली शक्ती गेल्यासारखं झालं, तर त्या क्षणी नळी काढायची, पाठीवर उताणं व्हायचं, हात वर करून मदत मागायची आणि पाण्याबाहेर यायचं. बाहेर आल्यावर आडवं झोपवू नका, बसवून ठेवा आणि ऑक्सिजन मागा. ‘जरा बसलो की बरं वाटेल’ हे वाक्य तिथे ऐकायचं नाही.

(लांबचा विमानप्रवास करून स्नॉर्केलिंगला जाणाऱ्या इतर वाचकांसाठी इथेच सांगून टाकते. हवाईच्या अभ्यासकांना या प्रकरणांत लांबच्या विमानप्रवासाचाही हात असावा अशी शंका आहे. उतरल्या दिवशीच पाण्यात जाऊ नका, दोन-तीन दिवस जाऊ द्या.)

आता ते पाच मास्क. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क दिसायला छान असतो आणि नवशिक्याला बरा वाटतो, कारण नाकाने श्वास घेता येतो. पण साध्या नळीत पाणी शिरलं तर ती तोंडातून थुंकून टाकली की मोकळा श्वास. पूर्ण मास्कचे पट्टे डोक्यामागून सोडवावे लागतात, आणि घाबरलेल्या माणसाला ओल्या हातांनी ते सुटत नाहीत. शिवाय स्वस्त मास्कच्या झडपा नीट नसल्या तर सोडलेलाच श्वास पुन्हा आत ओढला जातो. तुमच्या मिस्टरांना आणि नातवाला तर तो मुळीच नको. डोळे-नाक झाकणारा साधा मास्क आणि वेगळी नळी घ्या. नळी रुंद असावी, आतून वाकडीतिकडी, झडपांनी भरलेली नसावी.

मास्क बसतो का हे बघायची रीत सोपी आहे. पट्टा न लावता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क चिकटून राहिला तर मापाचा. मिशी असेल तर नाकाखालून पाणी झिरपणारच. मिस्टरांना मिशी असेल तर तो निर्णय त्यांचा. कपाळावरचे केस मास्कच्या कडेखाली येता कामा नयेत, आणि मागचा पट्टा कानांवर नाही, डोक्याच्या उंच भागावर यायला हवा. नातवाला मुलांच्याच मापाचा मास्क आणि नळी. मोठ्यांच्या जाड नळीत त्याच्या छोट्या श्वासातला बराचसा श्वास नळीतच राहतो.

सामान आलं की सगळ्यांनी मास्क-नळी लावून सोफ्यावर बसा आणि दहा मिनिटं टीव्ही बघा. हसू येईल, पण तोंडाने श्वास घेताना कोणाचा जीव घाबरतो ते अगत्तीला नाही, माहीमला कळेल. ज्याला सोफ्यावर जमत नाही त्याला पाण्यात जमणार नाही. त्यानंतर तलाव. नातू जातो तिथे विचारून उथळ बाजूला सराव करा. आधी उभं राहून फक्त तोंड पाण्यात घालायचं. मग नळीत मुद्दाम पाणी घेऊन एका जोरदार फुंकरीने बाहेर काढायचं. ते जमल्यावर तरंगायचं. तुम्हीही या, ताई. पोहायला शिकायला नाही, नुसतं तोंड पाण्यात घालायला. तेवढं जमलं तर अगत्तीला लगूनच्या (रीफच्या, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीच्या, आतलं उथळ पाणी) कडेला कंबरभर पाण्यात, जॅकेट घालून, गाइडच्या रिंगला धरून तुम्ही खुशाल मासे बघू शकता. नाही जमलं तर तळाला काच असलेल्या बोटी लक्षद्वीपमध्ये असतात. त्यातून प्रवाळ छान दिसतं आणि साडीसुद्धा भिजत नाही. हसणाऱ्यांना हसू द्या.

लाइफजॅकेटबद्दल जावई अर्धं खरं बोलताहेत. मापाचं, बांधलेलं जॅकेट तोंड पाण्यावर ठेवायला मदत करतं. ढगळ जॅकेट पाण्यात वर सरकून कानांपर्यंत येतं आणि माणूस खालून निसटतो. सगळे पट्टे लावल्यावर दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढून बघायचं. हनुवटीवर आलं तर दुसरं मागायचं. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. आणि वर सांगितलेलं जे फुप्फुसाचं दुखणं, त्यात जॅकेट तुम्हाला तरंगत ठेवेल, श्वास देणार नाही. म्हणून शेजारी माणूस लागतो. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या फेरीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, त्यानंतर आपल्याकडे जॅकेटची सक्ती आठवली. त्याआधी फेरीच्या छताला खोचलेली जॅकेटं आपण सगळ्यांनी नुसती पाहिली आहेत. बेटावर नेणाऱ्या छोट्या बोटीतही ते अंगावर हवं, मांडीवर नको.

त्या छोट्या बोटीत उतरणं हा तुमच्या वयाच्या लोकांसाठी खरा अवघड भाग आहे, आणि त्याबद्दल ब्रोशरमध्ये काही नसतं. जहाज बेटाला लागत नाही, बाहेर खोल पाण्यात उभं राहतं. बोट लाटेबरोबर वरखाली होत असते. पर्स-पिशवी पाठीवर टाका, दोन्ही हात मोकळे ठेवा. खलाशाचा हात पंज्याला न धरता मनगटाला धरा. तो ‘आता’ म्हणेल तेव्हाच पाऊल टाका, मध्येच थांबू नका. मोबाइलवर शूटिंग करत उतरणाऱ्या जावयांना आधी उतरू द्या.

बोट लागून उलट्या होऊ नयेत म्हणून अ‍ॅव्होमिनसारखी गोळी घेणार असाल तर तिने गुंगी येते हे लक्षात ठेवा. गुंगीत स्नॉर्केलिंग नको. डॉक्टरांकडे जाल तेव्हा याचंही विचारून घ्या.

पाण्यात जोडीने राहायचं, आणि जोडी म्हणजे हात लागेल इतक्या अंतरावर. धरमतरहून गेटवेपर्यंत पोहणाऱ्या जलतरणपटूंच्या शेजारूनसुद्धा बोट चालते आणि तिच्यात निरीक्षक बसलेला असतो. आपण कोण लागून गेलो? दोघांनी एकाच वेळी तोंड खाली घालून विसरून जायचं नाही. दर दोन-तीन मिनिटांनी डोकं वर काढायचं, जोडीदाराकडे बघायचं, किनारा कुठे आहे ते बघायचं. खुणा गाइडकडून आधीच ठरवून घ्या. हात हलवणं ही समुद्रात मदतीची खूण आहे. आपण मुंबईकर बोटीतून दिसेल त्याला टाटा करतो. ते तिथे नको, नाहीतर खरंच हात हलवाल तेव्हा समोरून टाटा येईल.

अगत्तीचं लगून शांत दिसतं. आपल्याइतकी मोठी भरती-ओहोटी तिथे नसते. पण रीफच्या आत भरलेलं पाणी ओहोटीला रीफमधल्या फटींतूनच बाहेर पडतं आणि तिथे ओढ असते. होड्या जिथून आत-बाहेर करतात त्या वाटेपासून लांब राहा. ओढ लागलीच तर तिच्याशी भांडू नका. तरंगत राहा, हात वर करा, आणि आडवं पोहून बाजूला निघा. प्रवाळावर उभं राहू नका. पाय कापतो, खडकासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश तिथेच बसलेला असतो, आणि तुमच्या एका पावलाने वर्षानुवर्षांची वाढ मोडते. शोकेससाठी तुकडा उचलणं तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. उन्हासाठी लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घ्या. पालथं तरंगताना पाठ भाजते आणि ते रात्री कळतं.

नातवाबद्दल. लगूनमध्ये जॅकेट घालून, मुलगी किंवा जावई हातभर अंतरावर असताना त्याला जरूर जाऊ द्या. दोन उन्हाळे शिकलेला मुलगा मजेत राहील. त्याला एकच ताकीद द्या, श्वास कोंडून कोण जास्त खाली राहतो ही स्पर्धा नाही. भराभर श्वास घेऊन बुडी मारली की श्वास घ्यायची इच्छा उशिरा होते आणि त्याआधीच शुद्ध जाते. चांगल्या पोहणाऱ्या पोरांनाच हे होतं.

मला धास्ती आहे ती जहाजावरच्या पूलची. अनेक क्रूझवर तिथे लाइफगार्ड नसतो, नुसती पाटी असते. मोठ्यांचा पूल कडेपासूनच खोल असू शकतो. जहाज हललं की पाणी एका बाजूला ओसंडतं. भोवती संगीत, आरामखुर्च्या, वीस मोठी माणसं, आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. बुडणारं मूल ओरडत नाही. अंग उभं, मान मागे, तोंड पाण्याच्या रेषेला, हात बाजूला पाणी दाबत असतात. खेळतोय असंच वाटतं. सगळा खेळ मिनिटभराच्या आतला. दादरच्या तलावावर कडेला सर उभे असतात. त्याची सवय त्यालाही आहे आणि त्याच्या आईबापांनाही. म्हणून घरात पाळी ठरवा. ज्याच्या डोक्यावर ठरलेली टोपी, त्याची ड्यूटी. त्याने मोबाइल दुसऱ्याकडे द्यायचा, पंधरा मिनिटांनी टोपी बदलायची. ही टोपी तुम्हीही घालू शकता, पण मग शेजारी पोहता येणारं कोणीतरी हवं. पोहण्याचे कपडे निळे नको, भडक केशरी किंवा पोपटी घ्या, निळ्या पाण्यात निळं मूल दिसत नाही. दंडाला लावायचे फुगे हे खेळणं आहे, त्यावर भरवसा नको.

आणि पाण्यातून काढलेलं कोणीही श्वास घेत नसेल तर कर्मचाऱ्यांना हाक मारता मारताच तोंडाने श्वास द्यायला सुरुवात करायची. बुडालेल्याला आधी श्वास लागतो, मग छातीवर दाब आणि पुन्हा श्वास. मुलगी-जावयांनी निघण्याआधी प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग केला तर त्या स्नॉर्केलिंग पॅकेजपेक्षा कामाचा ठरेल. पाणी नाकातोंडात जाऊन सावरलेला माणूस नंतर खोकत राहिला, धापा टाकू लागला, तर त्याच दिवशी जहाजाच्या डॉक्टरांना दाखवा.

आता तुमच्या हातातलं काम. डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या आणि तुम्ही सोबत जा, कारण मिस्टर एकटे गेले तर ‘ठणठणीत’ एवढंच सांगून येतील. डॉक्टर नाही म्हणाले तर काचेच्या बोटीत तुम्हाला सोबत मिळाली. जावयांना मात्र आजच फोन करा. ऑनलाइन मागवलेल्या वस्तू परत करायची मुदत थोडे दिवसच असते, आणि मास्कची पाकिटं नातवाने फोडली की ती दुकानं परत घेत नाहीत.